मोठ्या मायचं चांदीचं पाणी

बारावीच्या प्रॅक्टिकलच्या दिवसांत माझ्या उजव्या हाताची दोन बोटं हमखास काळी असतात. मी शाळेत प्रयोगशाळा परिचर आहे. सिल्व्हर नायट्रेटच्या बाटल्या भरताना एखादा थेंब लागतोच. लागतो तेव्हा काहीच दिसत नाही. दुपारी मोटरसायकलवरून घरी येताना ऊन लागलं की तपकिरी डाग उमटतो आणि दुसऱ्या दिवशी पक्का काळा होतो. साबण, लिंबू, राख, कशानंच निघत नाही. कातडी झडेपर्यंत आठ-पंधरा दिवस वागवायचा. घरात त्याला 'शाळेची मेंदी' म्हणतात.

एवढं माहीत असूनही मी महिनाभर घरच्या ओट्यावर चांदीचं पाणी तयार केलं आणि मोठ्या मायला पाजलं. ते कसं झालं ते लिहितो.

आमचं गाव शेगावपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, पूर्णेकडच्या अंगाला. म्हणजे खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही बाजूंनी हा पट्टा जातो. हापशीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पाहुण्यांना पहिल्या घोटालाच कळतं की आपण कुठं आलो. पाण्यावरचा अविश्वास आमच्याकडे पिढीजात आहे. त्यात जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस झपाट्यानं गळायला लागले, तीन-चार दिवसांत टक्कल पडायला लागलं. गाड्या आल्या, पाण्याचे नमुने गेले, दिल्ली-चेन्नईहून पथकं आली. आमच्या गावात कोणाचे केस गेले नाहीत, पण भीती सगळ्यांच्या घरात शिरली. मोबाईलवर रोज नवा उपाय यायचा. त्यातलाच एक, चांदीचं पाणी.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. वय सदुसष्ट. साखर आहे, थायरॉईडची गोळी चालू आहे, आणि उजव्या टाचेची भेग दिवाळीपासून भरत नव्हती. तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ, पुण्याला कंपनीत. त्यानं कुरिअरनं एक निळी काचेची बाटली पाठवली. वर लिहिलेलं, 'कोलायडल सिल्व्हर, १० पीपीएम'. आत पाण्यासारखं पाणी. दिवसातून दोनदा एक-एक चहाचा चमचा, आणि थोडं टाचेला लावायचं.

बाटली वीस-पंचवीस दिवसांत संपली. किंमत ऐकून मोठी माय हबकली. तिनं मला बोलावलं.

"लेका, तू शायेत दिवसभर औषिधं ढवयतं ना? मंग मायासाठी एक बाटली घरीच कर ना."

"मोठे माय, मी बाटल्या धुतो, औषधं नाही करत."

"तेवढंच लागते. त्या व्हिडिओत तं एक पोरगा सेलावर करते."

खरंच करत होता. चांदीच्या दोन तारा, डिस्टिल्ड वॉटरचा ग्लास, नऊ व्होल्टचे तीन सेल एकापुढे एक जोडलेले, म्हणजे सत्तावीस व्होल्ट. एक तार धन टोकाला, दुसरी ऋण टोकाला. बघून मलाही वाटलं, यात काय आहे. खरं सांगायचं तर हौसही वाटली. वीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगाची मांडणी करतोय, एखादा प्रयोग आपला असावा.

तारेसाठी खामगावला गेलो. खामगावला रजतनगरी म्हणतात, तिथली चांदी चोख म्हणून बाहेरगावचे लोक मुद्दाम येतात. सराफाला म्हटलं, तार पाहिजे, टंच पूर्ण पाहिजे, दागिन्याची नको. त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "पाण्यासाठी का? या महिन्यात तुम्ही चौथे." दागिन्याच्या चांदीत तांबं असतं, ते पाण्यात उतरेल, एवढं त्यालाही ठाऊक होतं. आमच्या गावात एकानं जुनी जोडवी सोडून पाणी केलं होतं आणि ते हिरवट झालं होतं, ते मी त्याला सांगितलं नाही. पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढून त्यानं वीत-वीतभर लांबीच्या दोन तारा दिल्या. मिळून साडेसात ग्रॅम.

पहिला प्रयोग रविवारी केला. डिस्टिल्ड वॉटर घरी नव्हतं, म्हणून म्हटलं हापशीच्याच पाण्यावर बघू. सेल जोडल्याबरोबर एका तारेवरून पांढरे धागे सुटायला लागले. दोन मिनिटांत ग्लासात ताकाची निवळी झाली. सेल हाताला गरम लागत होते. मोठी माय पाटावर बसून बघत होती, तिचा चेहरा उजळला. "पाय, चांदी उतरली!"

मी गप्प. ते पांढरं मला ओळखीचं होतं. बारावीच्या पोरांना क्षार ओळखायला देतो तेव्हा क्लोराईड आहे का हे पाहायला सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकतात. दह्यासारखा पांढरा साका बसला की क्लोराईड. वीस वर्षं तो साका परीक्षानळ्यांतून घासून काढतोय. आमच्या खाऱ्या पाण्यात क्लोराईडच क्लोराईड, चांदी तारेतून सुटली की तिथंच त्याला चिकटून सिल्व्हर क्लोराईड होत होती. ग्लास ओट्यावर उन्हात राहिला. तासाभरानं पाणी जांभळट करडं झालं. सिल्व्हर क्लोराईड उजेडात असंच काळवंडतं, जुन्या फोटोच्या कागदाचं गणितच ते. मोठ्या मायनं ते रंग बदललेलं पाणी बघितलं आणि म्हणाली, "हे नको, हे बिघडलं." ते पाणी पोटात गेलं नाही, तेवढं बरं.

दुसऱ्या वेळी शाळेतून डिस्टिल्ड वॉटर आणलं. (परवानगी न घेता. त्याची गोष्ट पुढे आहे.) इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी बाजारात मिळतं, पण ते पिण्यासाठी नसतं, डब्यावर तसं लिहिलेलंही असतं. डिस्टिल्ड पाण्यात सुरुवातीला काहीच होत नाही. क्षार नाहीत तर वीज वाहणार कशातून? दहा-पंधरा मिनिटं दोन तारा पाण्यात नुसत्या उभ्या. मग हळूहळू, उजेडाकडे धरून बघितलं तरच दिसेल असा धूर एका तारेवरून खाली सरकायला लागतो. ऋण टोकाच्या तारेवर काळी लव धरते, ती दर पाच-सात मिनिटांनी सुती फडक्यानं पुसायची, नाहीतर तुटून पाण्यात पडते. चाळीस मिनिटांनी थांबायचं. पाणी स्वच्छ, बिनरंगी. जिभेला धातूची किंचित तुरट चव.

गावातल्या आरओ प्लांटवरच्या पोराकडून पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस मीटर आणला. शून्यावरून नऊवर गेला होता. झालं, दहा पीपीएमच्या जवळपास. कंपनीची बाटली पण एवढीच होती की! मी छाती फुगवून पेला मोठ्या मायच्या हातात दिला. चमच्याचा हिशेब तिथंच सुटला. घरचंच पाणी, फुकटचं, मग चमच्यानं कशाला? व्हिडिओतला पोरगाही पेलाभरच पीत होता. मोठी माय रोज सकाळी उठली की तोंड धुऊन थायरॉईडची गोळी आणि त्यावर पेलाभर चांदीचं पाणी. चौतीस दिवस.

टाच भरली नाही. वाईटही झाली नाही.

मग आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडमनी विचारलं, "डिस्टिल्ड वॉटरचा कॅरबॉय इतक्या लवकर कसा काय संपतोय?" प्रॅक्टिकल संपून महिना झाला होता. मी खोटं बोललो असतो, पण मला ते जमत नाही, कान लाल होतात. सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या तुमचं पाणी घेऊन या. आणि ती पुण्याची बाटली, तळाला काही उरलं असेल तर तीही."

बाटलीच्या तळाला दोन चमचे उरलं होतं. मोठ्या मायनं ते देवघरात ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत आम्ही दोघंच. मॅडमनी आधी तिसरं पाणी तयार केलं. सिल्व्हर नायट्रेटचं अगदी पातळ द्रावण उकळत ठेवलं आणि त्यात सोडियम सायट्रेटचे थेंब सोडले. काही वेळ काहीच नाही, मग एकदम हळदीचा हात लागल्यासारखा पिवळा रंग आला, पुढे थोडा हिरवट-करडा झाला. "हे कोलायडल," त्या म्हणाल्या. "खरं. यात चांदी धातू म्हणूनच आहे, फक्त इतक्या बारीक कणांत की खाली बसत नाही. एकेका कणात हजारो अणू. त्या आकाराच्या चांदीच्या कणांचा रंगच पिवळा दिसतो. रंग नाही तर कण नाहीत, किंवा नावापुरते आहेत."

मग माझं पाणी आणि बाटलीचं पाणी शेजारी ठेवलं. दोन्ही बिनरंगी.

शेगावच्या जत्रेतला वीस रुपयांचा लेझर माझ्या ड्रॉवरमध्ये होता, पोरांकडून जप्त केलेला. खिडक्या लावल्या. पिवळ्या पाण्यात लाल रेघ आरपार उमटली, कवेलूच्या फटीतून येणारा उन्हाचा पट्टा धुळीत उमटतो तशी. शाळेत टिंडल परिणाम म्हणून हेच शिकवतात. बाटलीच्या पाण्यात रेघ दिसलीच नाही. माझ्या पाण्यात लक्ष देऊन बघितलं तर पुसटशी.

मग चिमूटभर मीठ. बाटलीचं पाणी क्षणात दुधाळ. माझंही. पिवळं दुधाळ झालं नाही, त्याचा रंग मात्र हळूहळू मळत गेला, कारण मिठानं कण एकमेकांना चिकटतात.

"दोन्ही आयनिक," मॅडम म्हणाल्या. "कोलायडल लिहिलंय, पण आहे आयनिक. बाजारातल्या बऱ्याच बाटल्यांची हीच कथा."

फरक त्यांनी सांगितला तो मी माझ्या शब्दांत सांगतो. वरणात मीठ टाकलं की विरघळतं, दिसेनासं होतं, वरण गाळलं तरी गाळणीत येत नाही. आयनिक चांदी तशी. अणूनं एक इलेक्ट्रॉन सोडला आणि पाण्यात विरघळला, अशा अणूला आयन म्हणतात. ताकात लोण्याचे बारीक कण असतात, ते विरघळलेले नसतात, नुसते तरंगतात. कोलायडल चांदी तशी. तारा आणि सेल घेऊन घरी जे होतं ते बहुतांश पहिल्या प्रकारचं. आणि माझा टीडीएस मीटर? तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो, म्हणजे फक्त आयन. कणांची चांदी कितीही असली तरी तो गप्प. त्यानं नऊ दाखवले याचाच अर्थ माझं पाणी आयनिक होतं. मी त्यालाच पुरावा समजून मिरवत होतो.

मी विचारलं, मग चांगलं कोणतं? विकणाऱ्यांचं भांडण मी मोबाईलवर ऐकलं होतं. आयनिकवाले म्हणतात, जंतू मारतो तो आयन, कण काय करणार. कोलायडलवाले म्हणतात, आयन पोटात टिकत नाही, कण टिकतात.

मॅडमनी माझ्या पाण्याची दुसरी परीक्षानळी उचलली आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले. दही झालं. "हे तुमच्या मोठ्या मायचं पोट. जठरात हेच आम्ल असतं. रक्तातही क्लोराईड भरपूर. तुमच्या हापशीत जे झालं ते तिच्या पोटात रोज होत होतं." मग पिवळ्या पाण्याकडे बोट दाखवून, "आणि हे कण आम्लात थोडे-थोडे झिजतात, त्यातूनही शेवटी आयनच सुटतात. दोघांचं भांडण काचेच्या भांड्यातलं आहे हो. शरीरात दोघंही चांदीच."

चांदी जंतू मारते हे खोटं नाही, हे त्यांनी लगेच जोडलं. धातूंच्या अत्यल्प मात्रेचा हा गुण मांडणारं कार्ल नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाचं लिखाण १८९३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. त्याच्याही आधी, १८८० मध्ये, जर्मनीत क्रेडे नावाच्या डॉक्टरांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालून अंधत्व टाळलं होतं. भाजल्यावर लावायचं पांढरं मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळतं. पण ते सगळं वरून लावायचं. पिऊन एखादा आजार बरा झाल्याचा भक्कम पुरावा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९९ मध्येच जाहीर केलं की चांदी असलेली अशी बिनचिठ्ठीची औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत.

त्याच साली तिकडे माँटाना राज्यात स्टॅन जोन्स नावाच्या गृहस्थांनी घरी चांदीचं पाणी करायला सुरुवात केली. सन २००० उजाडताना संगणक बंद पडतील, औषधं मिळणार नाहीत, या भीतीनं. कातडी निळसर करडी झाली आणि तशीच राहिली. २००२ मध्ये ते सिनेटची निवडणूक लढले, निळ्या चेहऱ्यानं. या आजाराला अर्जिरिया म्हणतात. शरीरात साठलेली चांदी कातडीत उन्हानं काळवंडते.

हे ऐकताना मी माझी बोटं बघत होतो. माझे डाग झडतात, कारण ते वरच्या कातडीत असतात. आतून आलेला डाग झडणार कुठून?

त्या रात्री वहीत हिशेब केला. दहा पीपीएम म्हणजे लिटरला दहा मिलिग्रॅम. दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात दोन मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक, आयएस १०५००, चांदीला लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा घालतं. आमचं पाणी त्याच्या शंभरपट. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची रोजची मर्यादा शरीराच्या किलोमागे ५ मायक्रोग्रॅम. मोठी माय बावन्न किलोची, म्हणजे तिला दिवसाला पाव मिलिग्रॅमच्या आसपास. मी आठपट पाजत होतो. पुण्याच्या बाटलीचे दोन चमचे, चुकीच्या नावाचे का असेनात, त्या मर्यादेत बसत होते. ती ओलांडली मी, फुकटात.

सकाळी शाळेच्या तराजूवर तारा मोजल्या. धन टोकाची तार पावणेचार ग्रॅमची साडेतीनवर आली होती. त्यातली बरीचशी काळ्या लवेच्या रूपानं फडक्यावर, सत्तर मिलिग्रॅमच्या आसपास मोठ्या मायच्या पोटात.

शेगावच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टाच बघितली, साखर बघितली, आणि सकाळच्या गोळीबरोबर काय घेता ते विचारलं. चांदीनं थायरॉईडची गोळी आणि काही अँटिबायोटिक्स नीट शोषली जात नाहीत, हे तेव्हा कळलं. तिची थायरॉईडची तपासणी बिघडलेली आली. चांदीमुळंच का, ते डॉक्टर म्हणाले सांगता येणार नाही, आधी पाणी बंद करा, दीड महिन्यानं परत तपासू. टाचेसाठी साखर ताब्यात आणायला सांगितली, रोज धुऊन कोरडी ठेवायला सांगितली, आणि अनवाणी वावरात जायचं नाही.

ते शेवटचं तिला सगळ्यात जड गेलं.

पाणी बंद करायला ती सहज तयार होईल असं वाटलं नव्हतं. पुण्याहून चुलतभावाचा फोन आला, "दादा, तुझं पाणी चुकीचं झालं असेल, मी खरं कोलायडल पाठवतो." मी त्याला परीक्षानळ्यांची गोष्ट सांगितली, त्याला पटली नाही. मोठ्या मायला मी जोन्ससाहेबांचा फोटो दाखवला, तोही तिला पटला नाही. "ते गोरे लोक हायत, त्यायले काईबी होते." शेवटी माझा हात पुढे केला. एप्रिल उजाडला होता, पण बारावीनंतर अकरावीचं प्रॅक्टिकल झालं होतं आणि अंगठ्याजवळ एक नवा काळा डाग होता.

तिनं तो बोटानं घासून पाहिला. पदराला थुंकी लावून पुन्हा घासला.

"हे निघत नाही?"

"पंधरा दिवसांनी निघते. आतून आलं तं नाही निघत."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली आणि देवघरातली रिकामी निळी बाटली माझ्या हातात दिली.

उरलेलं पाणी मी मोरीत ओतलं नाही. शाळेत नेऊन मीठ टाकलं, साका बसू दिला, गाळून काळ्या बाटलीत भरला. चांदीचा उरलेला कचरा आम्ही तिथं साठवतो. डिस्टिल्ड वॉटरच्या वहीत मॅडमनी माझ्याच हातानं लिहून घेतलं, 'घरगुती वापर, सात लिटर', आणि त्याचे पैसे भरून घेतले.

तारा मोठ्या मायनं मागून घेतल्या. पुढच्या महिन्यात पुण्याच्या नातवाचं बारसं होतं. खामगावच्या त्याच सराफानं झिजलेली तार भिंगाखाली धरली, खाल्ल्यासारखी बारीक-बारीक भोकं पडली होती. "पाण्याची ना ही?" तो म्हणाला. "आटवावी लागंन." वाळ्यांना चांदी थोडी कमी पडत होती, त्यानं पाव ग्रॅमची भर घातली आणि तेवढ्याचे पैसे घेतले.

बारशाच्या दिवशी मोठ्या मायनं वाळे बाळाच्या पायात घातले आणि सुनेला ऐकू जाईल असं म्हणाली, "पायातच ठेवजो बापा, तोंडात नको घालू."